बास मासेमारीचा तयार संच गोव्याच्या पाण्यात: काय ठेवावे, काय बदलावे

पाऊस ओसरू लागला की गोव्यात आणि वर सिंधुदुर्गात गरवणाऱ्यांची खरेदी सुरू होते. ऑनलाइन शोधायला बसले की सर्वांत आधी समोर येतो तो ‘बास फिशिंग कॉम्बो’: सात फुटी, दोन तुकड्यांचा मीडियम रॉड, 2500 आकाराचे स्पिनिंग रील, 20 पौंडी ब्रेडेड लाइनची गुंडी आणि कप्प्याकप्प्यांच्या डब्यात तीस-चाळीस ल्युअर (नकली आमिषे). नावे आणि रंग वेगवेगळे असले तरी आतला माल जवळपास सारखाच असतो. त्यामुळे हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचे नाही, या जातीच्या संचाचे आहे. किंमत साधारण चार ते सहा हजारांच्या घरात.

निकाल आधी सांगून टाकतो. रॉड आणि रील ठेवण्यासारखे आहेत. लाइन ठीक आहे, पण तिच्यापुढे लीडर (झिजेला टिकणाऱ्या जाड दोऱ्याचा तुकडा) बांधल्याशिवाय नाही. डब्यातला निम्मा माल इथल्या पाण्यात निरुपयोगी, आणि उपयोगी निम्म्यातला एकही हुक जसाच्या तसा चोणकासमोर (म्हणजे जिताड्यासमोर) टाकू नये. वरती हजार-दीड हजार खर्च करायची तयारी असेल तर हा चांगला सौदा आहे. ती नसेल तर पहिलाच बऱ्यापैकी चोणक हुक उघडून निघून जाईल आणि दोष रॉडच्या माथी बसेल.

असे का होते हे समजण्यासाठी संच कशासाठी बनलाय ते पाहावे लागते. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ्यांचे पाणी थंड होऊ लागते, शॅड नावाच्या चंदेरी माशांचे थवे मुख्य जलाशय सोडून आतल्या चिंचोळ्या फाट्यांत शिरतात आणि बास त्यांच्या मागे जातो. म्हणूनच या डब्यांत पांढऱ्या-चंदेरी ल्युअरची रेलचेल असते. तिथला नेहमीचा मासा किलो-दोन किलोचा. त्याचा जबडा मोठा असला तरी त्यात चोणकासारखी चिरडणारी ताकद नाही. बारीक तारेचा हुक तिथे पुरतो, उलट लवकर रुततो म्हणून मुद्दाम बारीक ठेवतात.

गोव्यात भाद्रपद-आश्विनात पाणी थंड होत नाही. बदलते ती त्याची चव आणि त्याचा रंग. पावसाळाभर मांडवी-झुआरीतून गोडे पाणी इतक्या जोरात वाहते की खारे पाणी पार मुखाकडे ढकलले जाते. पाऊस थांबला की तेच खारे पाणी भरतीबरोबर तळातून हळूहळू वर सरकू लागते, लाल गढूळपणा बसतो, आणि खाडीच्या फाट्यांत शेवटे (बोय मासे) व कोळंबी दिसू लागतात. चोणक हा या दोन पाण्यांमध्ये ये-जा करणारा मासा. मोठे मासे पावसाळ्यात अंडी घालायला मुखाजवळ खाऱ्या पाण्यात उतरतात, आणि पिल्ले खाजणांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनींत) व ओहोळांत शिरून वाढतात. त्यामुळे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा ल्युअर टाकणाऱ्याचा खरा हंगाम. शॅडच्या रंगाचा ल्युअर इथे शेवट्याचे सोंग छान वठवतो. संचातली ही एक गोष्ट आपसूक जुळून आलेली आहे.

आता एकेक वस्तू.

रॉडवर ‘मीडियम, फास्ट’ आणि ल्युअरचे वजन 7 ते 21 ग्रॅम असे लिहिलेले असते. हा पल्ला आपल्या कामाचा आहे. फास्ट म्हणजे वाक मुख्यतः टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात येतो, खालचा भाग ताठ राहतो आणि खारफुटीच्या मुळांकडे धावणारा मासा वळवायला तोच ताठपणा लागतो. मात्र दोन तुकड्यांचा सांधा ही या रॉडची दुखरी जागा. दर वीस-पंचवीस फेकींनंतर सांधा थोडा फिरतो, वरच्या कड्या खालच्या कड्यांशी तिरक्या होतात, लाइन घासू लागते आणि फेक आखूड पडते. नराच्या भागाला मेणबत्तीचे मेण हलकेसे चोळले की सांधा घट्ट बसतो. तेल लावू नका, तेलाने तो जास्तच निसटतो. तांबोश्यासाठी, म्हणजे खारफुटीतल्या लाल माशासाठी, हा रॉड थोडा मऊ पडतो. तांबोसा पकडताक्षणी मुळांत घुसतो आणि त्याला पहिल्या दोन मीटरांतच रोखावे लागते. केवळ त्याच्याच मागे लागायचे असेल तर मीडियम-हेवी घ्यावा.

रील 2500 आकाराचे असले तरी त्यावरच्या बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. या किमतीत ‘12+1’ लिहिलेले रील ‘4+1’ वाल्यापेक्षा चांगले असतेच असे नाही. दोनच गोष्टी पाहाव्यात: ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) सुटताना धक्के देतो की सलग सुटतो, आणि बेल (लाइन अडवणारी तारेची कमान) बंद करून हँडल उलटे फिरवले तर किती खेळ जाणवतो. खेळ शून्याजवळ हवा. ड्रॅग तपासायला प्रवासाचे सामान मोजायचा हुकाचा काटा पुरतो. लाइन रॉडच्या कड्यांतून ओवून काट्याला बांधा, रॉड पंचेचाळीस अंशांत धरा आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगा. 20 पौंड म्हणजे साधारण 9 किलो. त्याच्या पावपट, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास लाइन सुटली पाहिजे. बोटाने ओढून लावलेला ड्रॅग बहुतेकांचा एक तर किलोभरावर असतो नाही तर चारवर. किलोभराच्या ड्रॅगवर मासा मुळांत जातो, चारवर हुक उघडतो.

लाइन भरताना होणारी चूक जवळजवळ सगळीकडे सारखीच. ब्रेडेड लाइन थेट गुळगुळीत स्पूलवर बांधली की ती आख्खीच्या आख्खी स्पूलवर घसरत राहते. ड्रॅग कितीही आवळा, मासा लाइन ओढतच राहतो आणि रील बिघडले असे वाटते. आधी दहा-पंधरा वेढे नायलॉनचे द्या आणि त्याला ब्रेड बांधा. स्पूलची कड दोन-तीन मिलिमीटर मोकळी ठेवा. काठोकाठ भरले तर फेकताना चार-पाच वेढे एकदम सुटतात आणि पहिल्या कडीत गाठींचा गुंता होतो. ओल्या कापडातून लाइन ताणून भरली तर वेढे घट्ट बसतात. जाडी तपासून घ्या: चांगली 20 पौंडी ब्रेड 0.20 ते 0.23 मिलिमीटरच्या आसपास असते. संचातली बहुतेक त्याहून जाड, चार पिळांची आणि खरखरीत निघते. चालते, फक्त फेकीत पाच-सात मीटर कमी मिळतात.

लीडरबद्दल मात्र तडजोड नको. बासवाले 10-15 पौंडी फ्लोरोकार्बन लावतात, आणि डब्यात तेच दिलेले असते. चोणकाच्या गालावरच्या हाडाची कड ब्लेडसारखी असते, तोंडाच्या आतली कातडी कानशीसारखी खरबरीत. मासा डोके झटकतो तेव्हा 15 पौंडी लीडर मिनिटाभरात झिजून दुधाळ होतो. 30 पौंडी घ्या. दाट खारफुटी किंवा कालवे चिकटलेले दगड असतील तिथे 40. लांबी 60 ते 90 सेंटिमीटर पुरे, म्हणजे गाठ फेकताना टोकाच्या कडीबाहेर राहते. ब्रेड आणि लीडरच्या जोडणीला एफजी गाठ उत्तम, कारण ती बारीक असते आणि कड्यांतून अडखळत नाही. वीसेक आलटून-पालटून वेढे, मग ओले करून पूर्ण ताकदीने ओढायचे. वेढे दबून ब्रेडचा रंग गडद झाला की गाठ बसली समजा. फिकट राहिली तर पहिल्याच मोठ्या झटक्याला सरकेल. होडीत किंवा वाऱ्यात एफजी जमत नसेल तर डबल युनी बांधा, थोडी जाड होते पण भरवशाची. ल्युअरच्या बाजूला गाठ आवळून टाकू नका, छोटा फास ठेवणारी लूप गाठ बांधा. जाड लीडर ल्युअरच्या नाकाशी आवळला की त्याची चाल मरते. प्रत्येक मासा निघाल्यावर शेवटच्या वीतभर लीडरवरून नखाची कड फिरवा. खरबरीत लागले की तेवढा तुकडा कापून नवी गाठ.

आता डबा. इथे संचाची खरी परीक्षा आहे.

लांब ओठाचे, तीन-चार मीटर खोल जाणारे क्रँकबेट सरळ बाजूला काढा. गोव्यातल्या ज्या फाट्यांवर काठावरून ल्युअर टाकता येतो तिथे ओहोटीला पाणी दीड-दोन मीटरच उरते. तळात चिखल, त्यात फांद्या आणि कालवांनी भरलेले दगड. हे ल्युअर तिसऱ्या फेकीला अडकतात. चमचमीत स्पिनर, ज्यांना एकच छोटा तिहेरी हुक असतो, तेही गोड्या पाण्यात लहान माशांपुरते. लांब रबरी गांडुळे टेक्सस पद्धतीने (हुकाचे टोक रबरात लपवून) बांधून टाकली तर मरळ घेते, पण त्याच कामाला त्याहून चांगली वस्तू डब्यातच आहे.

ती म्हणजे पोकळ रबरी बेडूक. संचातली सर्वांत कमी कौतुक झालेली आणि गोव्याच्या गोड्या पाण्यासाठी सर्वांत मोलाची वस्तू हीच. आकार साधारण अडीच इंच, वजन 12 ते 15 ग्रॅम, पाठीला चिकटून वर वळलेले दोन हुक. पाणवनस्पतींच्या थरावरून, कमळाच्या पानांवरून, शेताच्या कडेच्या गवतावरून ओढला तरी अडकत नाही. ऑक्टोबरात गोव्यातली तळी आणि पाटांच्या कडा अशा हिरव्या थराने झाकलेल्या असतात. तिथे दुसरा कुठलाच ल्युअर चालत नाही आणि मरळ नेमकी त्याच थराखाली असते.

पण डब्यातून काढल्या काढल्या तो तयार नसतो. आधी अंग दोन बोटांत दाबून पाहा, हुकांची टोके पूर्ण उघडी पडली पाहिजेत. स्वस्त बेडकांचे रबर कडक असते. कपभर गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, दोन मिनिटे ठेवून दहा-पंधरा वेळा दाबा, मऊ पडते. मग पक्कड घेऊन दोन्ही हुकांची टोके बाहेरच्या बाजूला आणि वर किंचित वाकवा, फार तर दीड-दोन मिलिमीटर. जास्त वाकवले तर बेडूक गवत गोळा करू लागतो. मागचे रबरी पाय एका बाजूचे दीड सेंटिमीटर आखूड कापा, त्यामुळे एकाच जागी राहून तो डावी-उजवीकडे वळतो. पोटातल्या फटीतून पाणी शिरते आणि पाच-सहा फेकींनंतर बेडूक मागून बुडू लागतो. पोट वर करून दाबा, पाणी निघून जाईल. नाकाजवळ तारेच्या भोवती फट असेल तर सुपरग्लूचा एक थेंब लावा.

मरळीचा हल्ला पाण्यावर फटाका फुटल्यासारखा येतो आणि तिथेच बहुतेकांचा मासा जातो, कारण हात आपोआप झटका देतो. बेडूक अजून तोंडात नीट गेलेला नसतो. लाइन ताणली जाईपर्यंत थांबा, ‘एक, दोन’ म्हणण्याइतका वेळ, मग रॉड वर न झटकता कंबरेतून मागे ओढा. वीस पौंडी लाइन इथे कमी पडते. मरळ गवतात गोळा होऊन बसली की माशाबरोबर तीन-चार किलो गवत ओढावे लागते. फक्त बेडूक टाकणार असाल तर दुसऱ्या स्पूलवर 40 पौंडी ब्रेड भरा आणि लीडर न लावता थेट बांधा. एक विनंती: पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका हलताना दिसला तर तिथे बेडूक टाकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात, ते भुकेने नव्हे तर पिल्लांसाठी अंगावर येतात. त्यांना काढले की आख्खी वीण इतर मासे खाऊन टाकतात.

खाडीच्या पाण्यात डब्यातली दुसरी मोलाची वस्तू म्हणजे दहा सेंटिमीटरचा, 13 ग्रॅमच्या आसपासचा सस्पेंडिंग जर्कबेट. दोन झटके दिले की तो बाजूला डोलतो आणि थांबवले की पाण्याच्या मध्येच लटकून राहतो, ना वर येतो ना खाली जातो. चोणक बहुतेक वेळा याच थांबण्यावर घेतो. म्हणून हे लटकणे बिघडले तर ल्युअरचा अर्धा गुण गेला, आणि गोव्यात ते दोन कारणांनी बिघडते.

पहिले कारण हुक. मूळचे बारीक तिहेरी हुक काढून 4एक्स ताकदीचे, म्हणजे खूप जाड तारेचे, लावावेच लागतात. पण त्याने दोन हुक मिळून साधारण एक ग्रॅम वजन वाढते आणि ल्युअर गोड्या पाण्यात बुडू लागतो. दुसरे कारण पाणी. समुद्राचे पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. तेरा ग्रॅमचा, गोड्या पाण्यात बरोबर लटकणारा ल्युअर तिथे 0.3 ग्रॅमने हलका पडतो, म्हणजे वर येऊ लागतो. सप्टेंबरात कुंभारजुव्याजवळ जो ल्युअर मध्ये लटकत होता तोच डिसेंबरात त्याच जागी तरंगेल. बहुतेकांना वाटते ल्युअरमध्ये पाणी शिरले किंवा तो खराब झाला. तसे काही नसते, पाणी बदललेले असते.

यावर उपाय घरच्या बादलीत. दहा लिटर पाण्यात 350 ग्रॅम मीठ घातले की समुद्राइतके खारे होते, 175 ग्रॅम घातले की नदीच्या मधल्या पट्ट्यातले अर्धे खारे. तिसरी बादली गोड्या पाण्याची. हुक बदललेला ल्युअर लीडरच्या तुकड्यासकट तिन्हींत सोडून पाहा. बुडत असेल तर तिहेरी हुकांऐवजी सरळ डोळ्याचे एकेरी 1/0 हुक लावून बघा. ते वजनाने कमी, मुळांत कमी अडकणारे आणि मासा सोडताना कमी जखम करणारे. तरंगत असेल तर मधल्या हुकाच्या दांड्याला शिशाची तार एकेक वेढा गुंडाळत जा. हुकाबरोबर स्प्लिट रिंगही बदला. मूळच्या रिंगा बोटाच्या नखाने उघडतात, चोणकाला त्याहून कमी कष्ट पडतात. जो ल्युअर मुळात तरंगता आहे, त्यावर जड हुक लावले तर तो आपोआप लटकता होतो. नवा घेताना म्हणून तरंगताच घ्यावा.

स्पिनरबेट पाऊस नुकता पडून गेल्यावर, पाणी चहासारखे लाल असताना उपयोगी. गोल कोलोरॅडो पाते जास्त थरथर देते आणि मासा न दिसता ओळखतो. लांबट विलो पाते निवळ पाण्यासाठी. दोष असा की पात्याचा गोटीचा स्विव्हल खाऱ्या पाण्यात लवकर गंजून जाम होतो आणि पाते फिरायचे थांबते. वापरल्यावर गोड्या पाण्यात धुऊन तेलाचा एक थेंब दिला तर हंगाम काढतो. लिपलेस, खुळखुळणारा क्रँकबेट झुआरीच्या रुंद पात्रात दूर फेकायला चांगला, पण हुक त्याचेही बदला.

मऊ प्लास्टिकचे पॅडल-टेल मासे दहा सेंटिमीटरचे असतील तर ठेवा. डब्यातल्या जिगहेडचे (डोक्याला वजन असलेले) हुक टाका आणि 7 व 10 ग्रॅमचे, 3/0 किंवा 4/0 जाड हुकाचे जिगहेड वेगळे घ्या. उधाणाच्या ओढीत सात ग्रॅम तळ गाठत नाही, तेव्हा 14 लागते. प्लास्टिकचा शत्रू म्हणजे केंड, अंग फुगवणारा मासा. दोन फेकींत शेपटी गोल चावा घेतल्यासारखी कापलेली दिसली की केंड जमलेत असे समजावे आणि जागा बदलावी किंवा कडक ल्युअर लावावा. हुकाला केंड लागलाच तर सोडून द्या, तो विषारी आहे, खाण्याचा नाही. आणि वेगवेगळ्या बनावटीचे मऊ प्लास्टिक एकाच कप्प्यात ठेवू नका. ताणणारे टीपीई आणि साधे पीव्हीसी एकमेकांना चिकटून विरघळतात, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर दुपारभरात लगदा होतो.

हाच संच भरती-ओहोटीचा हिशेब न करता वापरला तर कितीही सुधारा, हाती फार लागत नाही. तळ्यातल्या बासला भरती माहीत नाही, म्हणून संचाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नसतो. कोकणातला जुना हिशेब इथेही ढोबळमानाने चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. कोजागरीला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी सव्वाअकराच्या सुमारास मुखाशी भरती पूर्ण, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सुकती. नदीत जितके आत जाल तितकी ही वेळ पुढे सरकते. चोणकासाठी ओहोटीचे शेवटचे दोन-अडीच तास आणि भरती सुरू झाल्यानंतरचा पहिला तास. या वेळी खाजणांतून आणि ओहोळांतून कोळंबी, शेवटे पाण्याबरोबर बाहेर ओढले जातात आणि चोणक फाट्याच्या तोंडाशी, वेगवान आणि संथ पाण्याच्या शिवेवर उभा राहतो. पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांत ही शेवटची ओहोटी नेमकी दिवस कलताना येते. कोजागरी आणि दिवाळीच्या आसपासचे दिवस म्हणून सोडू नयेत. अष्टमीच्या भांगाला पाणी फार हलत नाही, त्या दिवशी तळ्यावर बेडूक घेऊन जाणे शहाणपणाचे. ल्युअर प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकून पाण्याबरोबर खाली येऊ द्या. मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, मागून आलेला ल्युअर त्याला बिचकवतो.

जागेबद्दल तीन गोष्टी आधी ठरवून घ्या. मानशीवर, म्हणजे खाजणाच्या दारावर, मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो. दाराच्या तोंडाशी ल्युअर टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पाय, विचारल्याशिवाय करू नका. चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य आणि इतर राखीव जागा वर्ज्य. आणि कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, खाऱ्या पाण्यातही राहतात. तिथे गुडघाभर पाण्यात उतरून अडकलेला ल्युअर सोडवायला जाऊ नका, लाइन तोडा. काठाशी बसून मासे साफ करणेही टाळा. परतीच्या पावसात दुपारी गडगडाट सुरू झाला की कार्बनचा रॉड आडवा ठेवून काठ सोडा. सात फुटी कार्बन वीज छान वाहून नेतो, आणि हेच खाडीवरून गेलेल्या विजेच्या तारांखाली फेकण्यालाही लागू.

मासा काठाशी आल्यावर बासवाल्यांसारखा अंगठा तोंडात घालून उचलण्याची सवय असेल तर ती इथे मोडा. मरळीला खरे दात आहेत. चोणकाचा जबडा अंगठ्याला फक्त खरचटवेल, पण झटका दिला की गालाची कड बोट कापते. लिप-ग्रिप वापरा आणि दुसरा हात पोटाखाली द्या. चोणक आधी नर असतो आणि मोठा होताना मादी होतो, 80-85 सेंटिमीटरच्या पुढचे बहुतेक मासे माद्या. बाजारात चोणकाला भाव कितीही असो, अशी मोठी मादी परत सोडली तर पुढच्या पावसाळ्यात लाखोंनी अंडी मुखाशी पडतील. खायला दोन-तीन किलोचा मासा चवीलाही चांगला. अर्ध्या हाताएवढी पिल्ले तर सोडाच.

रीलची निगा हा या संचाचा शेवटचा आणि दुर्लक्षित भाग. बासचे रील गोड्या पाण्यासाठी बनते, निमखाऱ्या पाण्यात सर्वांत आधी जातो तो लाइन रोलरचा बेअरिंग. खूण अशी: गुंडाळताना बारीक चिरकणे, आणि लाइनला पीळ पडू लागणे. घरी आल्यावर ड्रॅग पूर्ण आवळा, म्हणजे वॉशरच्या थरांत पाणी जाणार नाही. नळाखाली मंद धारेत रील उभे धरून धुवा. बादलीत बुडवू नका, जोराचा फवारा तर मुळीच नको, तो मीठच आत ढकलतो. पुसून, सावलीत वाळवून मग ड्रॅग सैल करून ठेवा. आवळलेला राहिला तर वॉशर दबून चिकटतात. लाइन रोलरला आणि हँडलच्या मुठीला तेलाचा एकेक थेंब, महिन्यातून एकदा. मुख्य गिअरला ग्रीसच, तेल नाही. वापरलेले ल्युअर सरळ डब्यात टाकू नका, एका ओल्या ल्युअरचे मीठ सगळ्या कप्प्यांत गंज पसरवते.

हा संच कोणी घ्यावा? ज्याला मुख्यतः तळी, पाट आणि नदीचे गोडे वरचे भाग करायचे आहेत त्याने डोळे मिटून घ्यावा. खर्चात फक्त एक-दोन चांगले बेडूक आणि दुसऱ्या स्पूलसाठी जाड ब्रेड जोडायची. ज्याला चोणक हवा त्याने घ्यावा, पण त्याच ऑर्डरमध्ये 4एक्स हुकांचे पाकीट, जाड स्प्लिट रिंगा, 30 पौंडी लीडर आणि जिगहेड मागवावेत. होडीतून मुखाजवळ किंवा समुद्रात जायचे असेल तर हा संच नको. तिथे 4000 चे, खाऱ्या पाण्यासाठी बंदिस्त केलेले रील लागते, आणि दोनदा खर्च करण्यात अर्थ नाही.

पार्सल आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी तपासा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा, धागा अडकला तर कडीला चीर आहे आणि ती ब्रेड कापणार. रॉड जोडून टोकाला सामान मोजायच्या काट्याने हळूहळू दीड किलोपर्यंत ओढा. सांध्यातून टकटक आवाज आला तर परत पाठवा. आणि रीलचे हँडल सावकाश फिरवून कान लावा. एका ठरावीक जागी येणारी खरखर गिअरच्या दात्याची असते, ती वापरून कमी होत नाही.